जिवंतपणीचा फोटो

निकॉनचा एफएम-टू बाजारात आला १९८२ साली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. माझ्याकडे तो कॅमेरा बऱ्याच वर्षांनी आला, तोही जुना. त्याला सेल लागायचा तो फक्त मीटरसाठी. सेल संपला तरी शटर चालायचं. आलापल्लीच्या पुढे बातमीचे फोटो काढत हिंडणाऱ्याला एवढं पुरे होतं. छत्तीस फोटोंचा रोल पाकिटात घालून नागपूरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा नि अंकाची वाट बघायची.

लाहेरीला ८ ऑक्टोबर २००९ रोजी नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. जांभुळखेड्याला १ मे २०१९ रोजी १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. शिवाय ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाने मारलेले गुराखी, मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया. माणूस गेला की अंकाला त्याचा चेहरा हवा असतो. तो मागायला घरी जावं लागतं. आमच्या कामातला सगळ्यात जड भाग हाच.

अशाच एका घरी म्हातारीने पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, सातबारा आणि एका जुन्या अर्जावर चिकटवलेला पोराचा नखाएवढा फोटो. गालावर कचेरीचा अर्धा गोल शिक्का. उजेडासाठी मी तो दारात सुपावर ठेवला नि फोटोचा फोटो काढला. निघताना ती म्हणाली, "मोठा करून देता का जी?" दिला. चेहऱ्याबरोबर शिक्काही मोठा झाला. तिने तो तसाच भिंतीवर लावला.

आता मी डोहाळजेवणाचे, गरोदर बायकांचे, घरच्या माणसांचे फोटो काढतो. बातमीतले जुने सोबती हळहळतात. मला मात्र हे काम खालचं वाटत नाही. उलट, आधीच करायला हवं होतं असं वाटतं.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आधीच आणून ठेवतात. तिथे एका माडिया मुलीने आपणहून फोटो मागितला. कपाळावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. आधारकार्डासाठी बसतात तशी ताठ बसली, हात मांड्यांवर. मी घाई केली नाही. थोड्या वेळाने ती शेजारी बसलेल्या आईशी काहीतरी बोलली, आईने तिच्या पोटावर हात ठेवला आणि दोघी एकदम हसल्या. तेवढा एकच फोटो काढला. पुढच्या फेरीत कागदावर छापून नेऊन दिला.

घरच्यांचा एकत्र फोटो झाला की मी कोणालाच लगेच उठू देत नाही. म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत प्रत्येकाचा एकेकट्याचा चेहरा काढतो, छापूनही देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.