नदीचा उतार आणि कथेचा शेवट

पानिपताचा पराभव मराठी मनाने एका दिवसात साठवला आहे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. परंतु रणांगणावरील पराभवाच्या अडीच महिने आधी एक नदी गमावली गेली होती, आणि तिच्याविषयी आपली भाषा जवळजवळ मूक आहे. या मौनाकडे माझे लक्ष वेधले ते कोणत्याही ग्रंथाने नव्हे, तर एका खेळाने.

सोलापुरात पदव्युत्तर वर्गाला मी 'भाऊसाहेबांची बखर' शिकवीत होतो. दोन विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्यावर षट्कोनी घरे आखून पानिपतच्या मोहिमेचा पट तयार केला. निळ्या रेघेने यमुना काढली. घटनाक्रम सर्वांना ठाऊक होता. १७६०च्या पावसाळ्यात यमुनेच्या पुराने दोन्ही सैन्यांना अलग ठेवले होते. दिल्ली ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंच्या हाती आली होती आणि अब्दाली पलीकडे दुआबात होता. १७ ऑक्टोबरला भाऊंनी उत्तरेकडील कुंजपुरा घेतला, तेथे धान्य व खजिना मिळाला. २५ ऑक्टोबरपासून अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ, माणसे गमावूनही, नदी ओलांडली आणि भाऊ व दिल्ली यांच्यामध्ये तो येऊन उभा राहिला.

प्रश्न असा होता की, हे नियमात कसे बसवावे? बागपतचा उतार अमुक फेरीनंतर खुला होतो, असा नियम केला, तेव्हा भाऊंचा खेळाडू आधीच तेथे फौज नेऊन बसे आणि पानिपत घडतच नसे. उतार बंदच ठेवला, तर अब्दाली दुआबात अडकून पडे. पानिपत तेव्हाही घडत नसे. दोन्ही नियमांत दोष एकच होता. पात्रांना जे ठाऊक नव्हते, ते खेळाडूंना ठाऊक होते. निवेदकाचे ज्ञान पात्राच्या पदरात टाकणे ही चूक कथनमीमांसेत आपण सहज ओळखतो. इतिहास वाचताना मात्र तीच चूक आपल्याला विवेचन वाटते.

अखेर मी पंच झालो. पाण्याची पातळी मी गुप्तपणे फाशाने ठरवू लागलो आणि भाऊंच्या खेळाडूला वार्ता उशिरा देऊ लागलो. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धक्रीडेतही पंच सेनापतीला दिसू शकेल तेवढेच सांगत असे. भाऊंच्या जागी बसलेल्या विद्यार्थिनीने परीक्षेत भाऊंना गर्विष्ठ व अदूरदर्शी ठरवले होते. तीही धान्यासाठी कुंजपुऱ्याला गेली. मी पटावर बागपतच्या अलीकडे सोंगटी ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "सर, हे मला आधी कळायला हवे होते."

पराभूताचे हे मूळ वाक्य आहे. शेवट ठाऊक असलेला निवेदक ते उच्चारू शकत नाही. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चा (१९८८) वाचकही शेवट जाणूनच पहिले पान उघडतो. शिवाय नदी 'गमावणे' म्हणजे काय, हेही त्या क्षणी उलगडले. निळी रेघ होती तेथेच होती. बदलला होता तिचा अर्थ. काल जी शत्रूला थोपवणारी भिंत होती, ती आज दुआबातून येणाऱ्या रसदेच्या आड उभे असलेले कुंपण झाली. त्याच दुआबात रसदेची आशा ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. चिन्ह तेच, संबंध पालटले.

मग भाऊंना दोषमुक्त करावे काय? तसे करता येणार नाही. पुढच्या एका डावात त्याच विद्यार्थिनीने बागपतला एक लहान तुकडी ठेवली. तुकडीने नदी अडवली नाही, पण वार्ता वेळेवर आली आणि परतीची वाट उरली. न कळणे हा दोष नव्हे. कळण्याची व्यवस्था न करणे हा दोष. एवढा भेद आपल्या समीक्षेने आणि आपल्या इतिहासाने पाळला, तरी पुष्कळ झाले.

हा भेद मला घरीही उपयोगी पडला. आमचे गाव भीमेच्या काठी. माझ्या लहानपणी आजी आजारी असताना नदीला पूर होता आणि वडील पैलतीरावरच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी एक दिवस थांबले. आजी गेली. "उताराने जायला हवे होते," असे घरात वर्षानुवर्षे म्हटले गेले. मीही मनातल्या मनात तेच म्हणत आलो. त्या दिवशी पट आवरताना मात्र मला आठवले, की वडील संध्याकाळी काठावर गेले होते, त्यांनी कोळ्याला विचारले होते, आणि त्याने मान हलवून नाही म्हटले होते. त्यांनी विचारले होते. शेवट ठाऊक असलेल्या आम्ही सर्वांनी तेवढेच त्यांच्या कथेतून गाळले होते.