जुन्या गाडीचे सांधे

वस्तु जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत केव्हां ना केव्हां निघतो, आणि तो निघाला कीं घरांत दोन पक्ष पडतात. आमच्या घरीं जुन्नरास हा वाद माजला तो कै. काकांनीं १९८२ सालीं घेतलेल्या येझ्दी मोटारसायकलीवरून. काका आंबेगांव तालुक्यांत शिक्षक होते. घोडेगांव, डिंभें, भीमाशंकराकडील वाड्यावस्त्या, सारें भर पावसांत ते हिच्यावरूनच हिंडले.

वादाचें कारण क्षुल्लक नव्हतें. गाडी वाड्याच्या देवडींत उभी असते, आणि देवडीला लागूनच काकूंची खोली आहे. काकूंचें वय ऐंशीच्या पुढें. त्यांत दम्याची जुनी व्यथा. पुतण्या सकाळीं गाडी सुरू करी, तेव्हां धूर मागच्या तोंडानें न जातां पुढच्या सांध्यांतूनच फुसफुसत बाहेर पडे व देवडींत कोंडून राही. घरांतील तरुण मंडळींचें मत, गाडी भंगारांत द्यावी. काकू मात्र म्हणाल्या, "अरे, गाडी राहूं द्या. हवी तर माझी खोली बदला." हें ऐकल्यावर पुढें कोणासच बोलवेना. ना गाडी विकावयाची, ना काकूंस त्यांच्या खोलींतून उठवावयाचें, असें ठरल्यावर सांधे दुरुस्त करणें हा एकच मार्ग उरला.

या गाडीचें कूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जावा ही १९२९ सालची चेकोस्लोव्हाकियांतील गाडी. तिच्या परवान्यानें म्हैसूर येथें १९६१ पासून गाड्या निघूं लागल्या. १९७३ पासून त्यांस येझ्दी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. हीं दोन्ही नांवें अलीकडे पुन्हा बाजारांत आलीं आहेत. परंतु नव्या गाड्यांचें यंत्र अगदीं निराळें, त्यांचे सुटे भाग जुनीस लागत नाहींत. म्हणून जुन्या गाडीचा जो भाग हातीं आहे तो जपणें हेंच शहाणपण.

येझ्दीचें वैशिष्ट्य असें कीं सिलिंडर एकच, पण धूर बाहेर नेणारे नळ दोन. कारागीर या वांकड्या नळास बेंड म्हणतात. प्रत्येक नळास दोन सांधे असतात. पहिला सिलिंडरच्या तोंडाशीं. तेथें आट्यांची मोठी गोल चाकी नळास आवळून धरते व आंत एक धातूची कडी असते. दुसरा सांधा नळ सायलेन्सरमध्यें शिरतो तेथें. तो पट्टीच्या क्लॅम्पनें आवळलेला असतो. हें यंत्र पेट्रोलांत तेल मिसळून चालतें, त्यामुळें गळती शोधावी लागत नाहीं; जेथें काळा चिकट ओघळ दिसेल तेथें सांधा सैल आहे असें समजावें.

आमच्या गाडीचा सांधा पूर्वी एका कारागिरानें घरगुती नळ बुजवण्याच्या लुकणानें लिंपून दिला होता. सिलिंडरच्या तोंडाशीं इतकी उष्णता असते कीं तें लुकण जळून, भुगा होऊन गळून पडलें. तेथें लेप कामाचा नाहीं, नवी कडीच हवी. उष्णता सोसणारा खास लेप लावावयाचा तो मागच्या सांध्यास, तोही पातळ, आणि आंत शिरणाऱ्या नळाच्या बाहेरच्या अंगास. जाड थापला तर तो आंत ढकलला जाऊन धुराचीच वाट अडवतो.

नारायणगांवच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं पुतण्याकडून हें काम करवून घेतलें, तेव्हां आम्ही शेजारीं बसून पाहत होतों. प्रथम यंत्र पूर्ण थंड होऊं दिलें. मग सर्व चाक्या व क्लॅम्प सैल करून नळ काढले. जुनी काजळी व गंज कानशीनें आणि पॉलिश पेपरनें साफ केला. परंतु जुन्या सांध्यांत अॅस्बेस्टॉसची दोरी असल्याचा संशय येतांच मिस्त्रींनीं ती कोरडी खरवडूं दिली नाहीं, ओली करून अलगद काढविली. कारण तिचे तंतू फुप्फुसांत गेले तर कर्करोगाचें भय असतें. नंतर नळ बसवून सर्व सांधे हातानेंच लावले. मग हूक पान्यानें पुढची चाकी आवळली, त्यानंतर मागचा क्लॅम्प, आणि चौकटीला धरणारे बोल्ट सर्वांत शेवटीं. हा क्रम उलटला तर नळ ताणला जातो, आणि ताणलेला नळ धक्क्यांनीं पुन्हा सांधा सोडतो. लेप वाळल्यावर यंत्र तापवून, निववून, सर्व पुन्हा एकदां आवळलें. कारण तापण्या-निवण्यांत लोखंड वाढतें व आकसतें, आणि नवी कडी थोडी दबते.

पुतण्या जोरानें क्लॅम्प पिळूं लागला तेव्हां मिस्त्री म्हणाले, "दादा, पुरे. जुना पत्रा आहे, चेपला तर मग कुठलीच पट्टी धरायची नाही." हें वाक्य आमच्या लक्षांत राहिलें आहे. एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्यांस त्याचा अर्थ अधिक उलगडून सांगण्याचें कारण नाहीं.

गळती थांबली म्हणून देवडींत यंत्र चालविण्यास मोकळीक मिळाली असें मात्र कोणी समजूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चांगल्या सांध्यांतूनही तो शेवटीं मागच्या तोंडानें बाहेर येतोच. म्हणून गाडी प्रथम रस्त्यावर ढकलत न्यावी आणि मगच सुरू करावी, असा आमच्या घरीं आतां दंडक आहे. तो घालून दिला काकूंनीं, आणि पाळावयास सर्वांत जड गेला पुतण्यास.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व गाडी सुस्थितींत असल्याचें दाखवावें लागतें. तेव्हां हे सांधे नीट ठेवणें कायद्याच्याही दृष्टीनें आवश्यक आहे. शिवाय १९८५ पासून अभयारण्य झालेल्या भीमाशंकराच्या रानांत शेकरूंच्या वस्तींतून फुटका आवाज करीत जाणें हें शोभणारें नव्हे. पश्चिमेकडील पाऊस लोखंडास सोडीत नाहीं. यासाठीं दरवर्षीं मृगापूर्वीं एकदां सांधे उघडून पाहावे, कडी झिजली असेल तर बदलावी, आणि गाडी चालत असेल तोंवर चालवावी.