दहा दिवस म्हणजे दहाच!

ऑफिसची डेडलाइन आणि घरातला ताप यांचं काहीतरी साटंलोटं असणार. दोघंही हमखास एकाच आठवड्यात येतात! सीताबर्डीतल्या आमच्या ऑफिसात मीटिंग ऐन रंगात आलेली आणि शाळेतून फोन, ‘मुलीला ताप आहे, घेऊन जा.’

सकाळी टुणटुणीत असलेली आमची सात वर्षांची पोर दुपारी तापाने फणफणली होती. घसा दुखतोय, गिळवत नाही, वर पोटातही दुखतंय. सासूबाईंचं निदान तयार, ‘बर्डीवर बर्फाचा गोळा खाल्ला असेल, दुसरं काय!’ पण सर्दी नाही, खोकला नाही. डॉक्टरांचे कान टवकारले ते नेमके इथेच.

नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर घशाचं दुखणं बहुधा व्हायरसचं. ते अँटिबायोटिकशिवाय बरं होतं. पण अचानक ताप, लालबुंद सुजलेले टॉन्सिल, त्यांवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा पत्ता नाही, तर स्ट्रेप थ्रोटची शंका घ्यायची. हा स्ट्रेप्टोकोकस बॅक्टेरियाचा उद्योग. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत जास्त. तो पसरतो खोकण्या-शिंकण्यातून, उष्ट्या ग्लासातून. गोळा बिचारा निर्दोष! नुसतं बघून खात्री होत नाही, म्हणून घशातला स्वॅब घेतला. पॉझिटिव्ह. अॅमॉक्सिसिलिन, दहा दिवस.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. ताप गायब, मॅडम सोफ्यावर उड्या मारतायत. सासूबाई म्हणाल्या, ‘बरी झाली ना बाप्पा पोरगी! आता कशाला ते गरम औषध?’ नवराही मान डोलवायला लागला.

मी मात्र ऐकलं नाही. कारण माझी आत्या. लहानपणी तिचा घसा सारखा दुखायचा, हळदीचं दूध दिलं की विषय संपला. पुढे सांधे सुजले आणि तिशीत कळलं, हृदयाची झडप खराब झालीय. दोन पायऱ्या चढून कठड्याला धरून थांबणारी आत्या मला अजून दिसते. स्ट्रेपशी लढता लढता शरीर कधीकधी स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर उलटतं. हा ऱ्हुमॅटिक फीवर. सगळ्यांना होत नाही. पण नऊ दिवसांच्या आत औषध सुरू करून कोर्स पूर्ण केला, तर धोका बहुतांशी टळतो. आणि औषध तरी काय महागाचं? 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने जे पेनिसिलिन बनवलं, त्याच घराण्यातलं हे.

हे सगळं सांगितल्यावर सासूबाई गप्प झाल्या. मग त्यांनीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला घेतली.

बॉसला सांगायला एक सोय आहे. औषध सुरू होऊन 24 तास झाले, ताप उतरला, की मूल शाळेत जाऊ शकतं. म्हणजे रजा दोन दिवसांची, मऊ खिचडी आणि मिठाच्या गुळण्या चार दिवसांच्या. मोबाइलवरचा औषधाचा अलार्म मात्र दहाव्या दिवसापर्यंत बंद करायचा नाही!