उताऱ्याखालचे प्रश्न

नातवाची सहामाही परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या निवृत्त मास्तरकीस पुन्हां पालवी फुटते. हल्लीं मराठीच्या प्रश्नपत्रिकेस कृतिपत्रिका म्हणतात. नांव बदललें, तरी उतारा आणि त्याच्या शेपटास बांधलेले प्रश्न हें बिऱ्हाड जागचें हललेलें नाहीं. आकलनाचे प्रश्न एका विभागांत आणि व्याकरण ‘भाषाभ्यास’ नांवाच्या निराळ्या विभागांत; जणूं अर्थ माडीवर राहतो व व्याकरण तळमजल्यावर!

परवां त्यानें सोडविलेला एक सरावसंच आम्हीं तपासावयास घेतला. उतारा एका कथेंतला होता. पुष्कळ वर्षांनीं मुलगा गांवीं येतो, अंगणांतून हांक मारतो, आणि ‘म्हातारीला दारापर्यंत जाववलें नाहीं.’ ती दाराशीं कां गेली नाहीं, या प्रश्नास चिरंजीवांचें उत्तर: ‘म्हातारी मुलावर रागावली होती.’ दोन पानें उलटल्यावर तेंच वाक्य प्रयोग ओळखण्यास दिलेलें. तेथें सुवाच्य अक्षरांत ‘भावे प्रयोग’, आणि शिवाय कारणहि: कर्ता चतुर्थी विभक्तींत, क्रियापद तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी. पूर्ण गुण!

मौज अशी कीं, हें दुसरें उत्तर ज्यास खरोखर उमगलें त्याचें पहिलें चुकूं नये. ‘म्हातारी गेली नाहीं’ म्हटलें म्हणजे न जाण्याचा ठपका तिच्यावर येतो. ‘जाववलें नाहीं’ हें शक्य क्रियापद. त्यांत इच्छा शाबूत असते, पाय तेवढे हरलेले असतात. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, मोरो केशव दामल्यांनीं १९११ सालीं आपला ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ काढला. एवढी झीज कांहीं दोन गुणांसाठीं कोणी सोसली नसेल. भाषणांच्या उताऱ्यांचीहि तीच गत. वक्ता ‘आम्ही’ म्हणाला तर श्रोता उंबऱ्याबाहेर राहतो, ‘आपण’ म्हणाला तर आंत येतो. आणि मुलें ‘सर्वनाम’ एवढें लिहून मोकळीं होतात.

नातवावर रागावण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. १९८८ सालीं आम्ही शाळेंत हेच प्रयोग शिकवीत होतों. घरच्या वांटणीवरून कुरबूर होऊन गेलेली. आम्हीं आईस शहरांत येऊन राहण्याविषयीं लिहिलें. तिचें कार्ड आलें. त्यांत कामाचें वाक्य एकच, ‘मला आतां येववत नाहीं.’ आम्हीं तें ‘मी येत नाहीं’ असें वाचलें, रुसवा धरला, आणि तीन महिने पत्र टाकलें नाहीं. दिवाळींत गेलों तेव्हां ती भिंत धरधरून ओटीपर्यंत आली. दोन्ही गुडघे सुजले होते. “कार्ड पोंचलें नव्हतें का रे?” इतकेंच तिनें विचारलें.

पोंचलें होतें.

नातवास ही हकीगत आम्हीं सांगितली नाहीं. त्याचीं दोन्ही उत्तरें शेजारींशेजारीं ठेवलीं आणि वाच म्हटलें. बराच वेळ पेन्सिल चावून त्यानें पहिलें खोडलें व लिहिलें, ‘तिला जायचें होतें.’ सूचना ‘सविस्तर उत्तर लिहा’ अशी होती. गुण कापणें प्राप्त होतें. आम्हीं कापले नाहींत.