कव्हरखालचा गाळ

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या गाडीच्या बोनेटखालची प्लास्टिकची कव्हरं मी आणि माझ्या धाकट्याने घरीच रंगवली. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गाडीच्या इंजिनाशी माझा संबंध पाणी आणि ऑइल बघण्यापुरताच. तरी त्या पंधरा दिवसांत जे शिकायला मिळालं, ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

आधी गाडीविषयी सांगते. मुलांचे अब्बू कुवेतला असतात. त्यांनी पै-पै साठवून जुनी डिझेल गाडी घेतली होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, तेव्हा ती आमच्या दारातच उभी होती. पाणी सीटच्या वर गेलं. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे सगळा खर्च आमच्याच अंगावर आला. मेकॅनिकने इंजिन उघडून धुतलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, वायरिंगचा बराच भाग नवा टाकला. त्यानंतर गाडी दोन वर्षं विनातक्रार चालली, अल्हम्दुलिल्लाह.

मग लेकीच्या पुण्यातल्या हॉस्टेलची फी भरायची वेळ आली आणि गाडी विकायचं ठरलं. माझे भाईजान गाड्यांच्या खरेदी-विक्रीतले जाणकार. त्यांनी बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आधी इथे बघतं. ही कव्हरं बघ, राखेसारखी पांढरट पडलीत. एक हात रंग मार, दहा-पंधरा हजार जास्त येतील."

अकरावीतल्या धाकट्याला हे काम फार आवडलं. घरात ग्रिलसाठी आणलेल्या काळ्या रंगाचा स्प्रे शिल्लक होता. त्याने कव्हरं ओल्या फडक्याने पुसली आणि अर्ध्या तासात रंगवून मोकळा झाला. लांबून छान दिसत होती. जवळून मात्र रंगात बारीक बारीक खड्डे पडले होते, माशाच्या डोळ्यांसारखे. आठवडाभर मी गाडी शाळेत नेली-आणली. इंजिनाच्या उष्णतेने रंगाला फुगे आले. नखाने जरा उचललं तर सापाच्या कातीसारखा अख्खा पापुद्रा निघाला. लेक हिरमुसला.

रंगाच्या दुकानातल्या चाचांकडे आम्ही तो पापुद्रा घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "धुताना गाडीला चमक यायचं पॉलिश मारून घेता का?" घेत होतो, दर वेळी. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते प्लास्टिकवर बसून राहतं आणि रंगाला धरू देत नाही. मग त्यांनी कव्हर उलटं करून आतली अक्षरं बघायला सांगितलं. घरी येऊन पाहिलं तर वरच्या मोठ्या कव्हरवर 'पीपी' असं कोरलेलं होतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपले बादल्या-डबे होतात त्याच जातीचं प्लास्टिक. त्याच्यावर कुठलाच रंग सहजासहजी टिकत नाही, आधी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो. दुसऱ्या कव्हरवर 'पीए सिक्स' होतं, म्हणजे नायलॉन. त्याच्यावर रंग त्या मानाने लवकर बसतो.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. कुणाला घरी करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून क्रम सांगते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कव्हरं काढली. आमची रबरी बुचांवर बसवलेली होती, सरळ वर ओढली की निघतात. गाडीतच ठेवून स्प्रे मारला तर बेल्टवर आणि वायरींवर रंग उडतो. आधीचा रंग खरवडून काढला. भांडी घासायच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने कानाकोपरे घासले, धुतले, वाळवले. चारशे नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासलं, मग सहाशेने, म्हणजे चकाकी जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद होतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थिनर वापरलं नाही, काही प्लास्टिकं त्याने विरघळतात. त्यानंतर बोटही लावायचं नाही, हाताचं तेलसुद्धा पुरेसं असतं.

इशाऱ्याचे स्टिकर मास्किंग टेपने झाकले. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकची पिवळी मूठ रंगवायची नाही, ती चटकन दिसावी म्हणूनच वेगळी ठेवलेली असते. रंग प्लास्टिकवर चालणारा साधा काळा मॅट घेतला. सायलेन्सरला मारतात तो उष्णतेचा रंग इथे कामाचा नाही. तो पक्का व्हायला जेवढी आच लागते, तेवढ्यात हे प्लास्टिकच वितळेल. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते, म्हणून कोकणात हे काम थंडीतच करावं. जोहरच्या नमाजनंतर पडवीत ऊन यायचं, तेव्हा आम्ही नाकाला मास्क लावून बसायचो. वीतभर अंतरावरून प्रायमरचे दोन हात दिले आणि रंगाचे तीन, सगळे पातळ. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. एक जाड हात मारायचा मोह होतो, तो आवरायचा. मग आठवडाभर कव्हरं कपाटावर ठेवून दिली. पक्की झाली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मोठ्या कव्हरच्या आतल्या बाजूला आवाज कमी व्हावा म्हणून जाड स्पंज चिकटवलेला असतो. तो भिजला की वाळायला फार दिवस लागतात, म्हणून आम्ही त्याच्यावर पिशवी गुंडाळली आणि फक्त वरची बाजू धुतली. पिशवी काढताना लेकाने स्पंजवर टिचकी मारली तर पिवळसर धूळ खाली पडली. "अम्मी, हा पुरातला गाळ," तो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे, आतली बाजू कोण बघतंय?"

जानेवारीत एक तरुण शिक्षक गाडी बघायला आले. त्यांची शाळा इकडे आणि घर कराडला. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढून जायचे. त्यांनी बोनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बाई, चिपळूणची गाडी म्हणून जरा धास्ती होती. पण हे बघून वाटतंय, गाडी पुरात नव्हती."

बोलणं हाच माझा पेशा. वर्गात मुलांना मी 'मुलामा' हा शब्द समजावून सांगते. उर्दूतला मुलम्मा मराठीत आला, वर सोनं आणि आत पितळ, वगैरे. पण त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मनात हिशेब चालू होता. त्यांनी प्रश्न विचारलेला नाही, नुसतं आपलं मत सांगितलंय. आणि गाडी तर चांगलीच चालते. मग मी कशाला बोलू?

लेकाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे होऊन त्याने कव्हर खटकन वर ओढलं, उलटं केलं आणि स्पंजवर टिचकी मारली. "सर, ही पुरात होती. सीटच्या वर पाणी होतं. त्यानंतर काय काय बदललं ते सगळं सांगतो."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यांचा फोन आला नाही.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू? फी डोळ्यांसमोर होती. रात्री जेवताना त्याला विचारलं, "तुला एवढी घाई काय होती?" तो ताटातून वर न बघता म्हणाला, "घाटात रात्री बंद पडली असती तर?" आणि थोड्या वेळाने, "मग आपण रंग दिला कशाला अम्मी? गाडी नीट दिसावी म्हणून की पूर दिसू नये म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग तोच, प्रायमरही तोच. हातही आमचेच. पण मी "आतली बाजू कोण बघतंय" म्हणाले, त्याच क्षणी त्या कामाचा अर्थ बदलला होता आणि ते मला कळलंही नव्हतं. पहिल्यांदा रंग सुटला, कारण खालचं साफ न करता वर रंग मारला होता. दुसऱ्या वेळी रंग टिकला आणि मी तीच चूक दुसऱ्या तऱ्हेने केली. कुवेतहून फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं केलं त्याने. फीचं बघू काहीतरी."

दुसऱ्या दिवशी लेकाने वहीचा एक कागद घेतला. डाव्या बाजूला पाण्याने काय खराब झालं, उजव्या बाजूला काय बदललं, आणि मागे पिनेने सगळी बिलं. शेवटची ओळ त्याने स्वतःहून लिहिली : 'कव्हरं घरी रंगवली आहेत.'

तीन आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. त्या त्याच सरांच्या शाळेतल्या. "सर म्हणाले, तुमच्याकडे बघून या, ते लोक लपवत नाहीत." त्या आपला मेकॅनिक घेऊन आल्या. त्याने सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून गाळाचा डाग पाहिला, स्टेपनीखालच्या खळग्यात हात घातला, वायरींचे जोड तपासले, आणि सगळं कागदाशी ताडून बघितलं. सौदा आमच्या अपेक्षेपेक्षा पस्तीस हजारांनी कमी झाला. उरलेल्या फीसाठी मी पतपेढीतून उसने काढले, त्याचा हप्ता अजून चालू आहे.

गाडी नेताना बाईंनी बोनेट पुन्हा उघडलं. "कव्हरं मात्र सुरेख रंगवलीत हो. कुणी केली?"

लेक लाजला. मी म्हटलं, "त्यानेच. मी नुसता डबा हलवत होते."