झांस्करची घळई, एक दिवस आणि टॅक्सीचं भाडं

लेहची ट्रिप ठरली की आपल्याकडे आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि मग एक्सेल येते. आमच्या मेव्हण्याने टाकलेल्या एक्सेलमध्ये दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला होता, आणि झांस्कर नदीच्या घळईच्या वाट्याला "संगम, फोटो, ३० मिनिटं" एवढंच आलं होतं. खाली लिहिलेलं, "दाजी, तुम्ही जाऊन आलाय, काही बदल असेल तर सांगा." सांगतो. आणि इथेच सांगतो, कारण येत्या जूनमध्ये पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या निम्म्या ग्रुपांची एक्सेल थोड्याफार फरकाने अशीच असणार.

पहिलं, उंचीचं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट तिथे उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सतरा हजार फुटांच्या वरच्या खिंडीत जाणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पहिले दोन दिवस लेहमध्ये गप्प बसायचं, पाणी प्यायचं, बाजारात हळूहळू फिरायचं. तिसऱ्या दिवशी घळई. कारण साधं आहे, निम्मू गाव लेहपेक्षा तीनेकशे मीटरनी खाली आहे आणि तिथून चिलिंगपर्यंतचा घळईतला रस्ताही लेहच्या उंचीच्या खालीच राहतो. बरोबर आई-वडील असतील तर लडाखमधला यापेक्षा सुखाचा दिवस नाही.

सकाळी आठला निघा. श्रीनगरच्या हायवेवर पत्थर साहिब गुरुद्वारा लागतो, लष्कराचे जवान तो सांभाळतात, तिथे चहा मिळतो. पुढे मॅग्नेटिक हिल. गाडी चढावर आपोआप सरकते म्हणतात तो डोळ्यांचा खेळ आहे, उतारच चढासारखा दिसतो. दहा मिनिटं पुरे. मग वरून सिंधू आणि झांस्करचा संगम दिसतो. बहुतेक लोक इथे सेल्फी काढून परत फिरतात. आपण निम्मूहून खाली उतरायचं आणि झांस्करच्या कडेकडेने आत जायचं. लेहपासून चिलिंग साठ-पासष्ट किलोमीटर. अंतर थोडंच आहे, पण दिवस अख्खा द्या.

का द्यायचा? तर दगडासाठी. हसू नका.

आपण सह्याद्रीची माणसं. ताम्हिणी असो की माळशेज, आपल्याला थर बघायची सवय आहे ती आडव्या थरांची, भाकरीवर भाकरी रचल्यासारख्या. झांस्करच्या घळईत तेच थर उभे आहेत. एका बाजूला जांभळट लाल, शेजारी हिरवट, मध्ये राखाडी, पुस्तकं कपाटात लावावीत तसे. हा सगळा नद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि वाळू. भारताचा भूखंड आशियाला भिडला तेव्हा त्या धडकेत तो दाबला गेला, दुमडला, उभा राहिला. ही टक्कर साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा त्याआधीचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे हाच भूखंड उत्तरेकडे सरकत असताना त्याच्या पाठीवर आपला काळा कातळ पसरला, आणि पुढे त्याच भूखंडाचं तोंड इथे येऊन आदळलं. झाड नाही, झुडूप नाही, त्यामुळे सगळं उघडं दिसतं. मी मागच्या वेळी एका वळणावर तासभर नुसता बसलो होतो. ड्रायव्हरला वाटलं मला उंची लागली.

झाडं नाहीत कारण पाऊस नाही. लेहला वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पडतो. ताम्हिणीत जुलैतल्या एका दिवसात याहून जास्त पडलेला आपण पाहिलाय. तिथली शेती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर चालते आणि त्याच पाण्यातून आपल्या हॉटेलचे शॉवर. पण असे उघडे डोंगर पाऊस झेलू शकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये एका रात्रीत ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. घळईच्या वरच्या अंगाला, फुगतालच्या बाजूला, दरड पडून नदी अडली होती. तो बांध मे २०१५ मध्ये फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. म्हणून आभाळ भरलेलं असेल तर घळई रद्द, दुसरा दिवस बघायचा. उन्हाळ्यात दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं, तेव्हा नदीत पाय सोडून बसायचं नाही. रस्त्यावर ताजे दगड दिसले की गाडी तिथे उभी करायची नाही.

हा रस्ता आपल्या सहलीसाठी झालेला नाही. झांस्करचं खोरं हिवाळ्यात महिनोन्महिने तुटायचं, खिंडी बंद. मग गोठलेल्या नदीवरून, चादरवरून, माणसं चालत लेहला यायची. आजारी माणसं, शाळेत जाणारी पोरं, सगळी. सीमा रस्ते संघटनेने निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडून घेतला. शिंकू ला इथे ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं कामही सुरू झालंय. "चादर ट्रेकची मजा गेली" असं आपल्याकडे लोक हळहळून लिहितात. पोटुशी बाई बर्फावरून चालवत नेण्यात कसली आलीय मजा?

आता टॅक्सी. ग्रुपवर खरा वाद यावर झाला. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी लडाखमध्ये साइटसीइंगला चालत नाही, स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते, तिचे दर ठरलेले. लगेच मेसेज, "ही दादागिरी आहे." गंमत अशी की हे लिहिणारे तेच, जे मुंबईत रिक्षाचा परवाना भूमिपुत्रालाच मिळावा म्हणून तावातावाने भांडतात. तिथे सीझन चार-पाच महिन्यांचा. त्यावर वर्ष काढायचं. शिवाय २०१९ पासून लडाख केंद्रशासित आहे आणि त्याला विधानसभा नाही. जमीन, नोकऱ्या, पाणी यावर आपलं म्हणणं चालावं म्हणून ते राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची मागतायत. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये याच आंदोलनात हिंसा झाली, गोळीबारात चार जण गेले. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या ट्रॅव्हल ग्रुपांवर एकच प्रश्न फिरत होता, बुकिंगचे पैसे परत मिळतील का.

त्यांच्या मागण्या सगळ्या मान्य करा असं मी म्हणत नाही. सीमेवरचा प्रदेश आहे, केंद्राची काही अडचण असेल. पण ज्या माणसाच्या गाडीत आपण दिवसभर बसणार, त्याला आपल्या डोंगराबद्दल काही म्हणता यावं, एवढं तर आपण आपल्यासाठीही मागतोच की.

तर, टॅक्सी आधी सांगून ठेवा आणि "संगम" नव्हे, "चिलिंग" असं स्पष्ट सांगा, दर वेगळा पडतो. थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. डबा लेहमधून न्या आणि कचरा लेहला परत आणा. चिलिंगला तांब्या-पितळेचं काम करणारी घराणी आहेत, त्यांचे पूर्वज बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून आणले गेले असं तिथे सांगतात. एखादा डाव मिळाला तर घासाघीस न करता घ्या. प्रीपेड सिम तिथे तसंही चालत नाही, आणि घळईत रेंज बहुतेक नसतेच. त्यामुळे ड्रायव्हरशी बोलायला वेळ मिळतो. हिंदी त्याची आपल्यापेक्षा बरी असते.