लेकराला बांधायचं कशाला?

पुणे ते कळंब, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मॅप म्हणतो साडेपाच तास. घरात पाच वर्षांखालचं एक जरी लेकरू असेल तर या आकड्यात दोन तास मिळवा. दोन लेकरं असतील तर आकडा बघूच नका. सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे चुकलेल्या अंदाजांची मला सवय आहे, पण गेल्या दिवाळीला गावी जाताना जेवढा चुकलो तेवढा कुठल्याच प्रोजेक्टमध्ये चुकलो नव्हतो.

गाडीत आम्ही पाच जण होतो. मी चालवायला, शेजारी बायको. मागे डावीकडे चौदा महिन्यांचा धाकटा, उजवीकडे साडेचार वर्षांची थोरली आणि दोघांच्या चाइल्ड सीटच्या मधे अंग चोरून बसलेली माझी आई. धाकट्याला सांभाळायला ती सहा महिने पुण्यात होती. आता आम्हाला घेऊनच गावाकडे निघाली होती.

ठरलं होतं पहाटे पाचला निघायचं. लेकरं झोपेत असतात, हडपसरची गर्दी लागत नाही, भिगवणला नाश्ता, बार्शीला जेवण. प्रत्यक्षात धाकट्याला रात्री सर्दी झाली, थोरलीचा एक बूट सापडेना, आणि दशम्या झाल्याशिवाय आई उठेना. निघालो तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

पहिलं भांडण सोसायटीच्या गेटच्या आतच झालं. मी धाकट्याला सीटमध्ये बसवून पट्टा लावला. कट्ट आवाज आला आणि त्यानं गळा काढला.

"अरं, लेकराला असं बांधायलास कशाला?" आई म्हणाली. "माझी मांडी काय झिजलीय का?"

"आई, नियम आहे."

"कुणाचा?"

नियम खरंच आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीतून नेलं तर हजार रुपये दंड. पण हजार रुपयांच्या भीतीनं मी ती सीट घेतली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी चांगली महागाची होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता आणि गेले ते दोघंच. तेव्हा ऑफिसात आठवडाभर त्याचीच चर्चा होती. थोरली त्या वेळी लहान होती आणि बायकोच्या मांडीवर बसून सगळीकडे फिरायची. त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला होता. गाडी ताशी पन्नासच्या वेगात आहे, समोर काहीतरी आदळलं आणि अर्ध्या मीटरमध्ये सगळं थांबलं, तर दहा किलोचं लेकरू जवळपास दोनशे किलोच्या ओढीनं पुढे जातं. शाळेच्या पुस्तकातली गतीची समीकरणं आहेत, यात अवघड काही नाही.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "ह्या हातांनी मोळ्या वाहिल्यात. लेकरू सुटतंय व्हय?"

यावर मी काही बोललो नाही. माझ्या आईवडिलांनी काही हंगाम ऊसतोड केली, हे मला माहीत आहे. आमच्या भागात ती काही जगावेगळी गोष्ट नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप लावायचं आणि उन्हाळा लागल्यावर परतायचं. मी शाळेच्या वयाचा झालो तेव्हा आजीनं मला गावात ठेवून घेतलं, म्हणून माझी शाळा झाली आणि पुढचं सगळं झालं. घरात या विषयावर फार बोलणं होत नाही.

उरुळी कांचनपासून चौफुल्यापर्यंत धाकटा रडत होता. बंद काचेच्या गाडीतलं रडणं वेगळंच असतं, ते थेट कवटीत शिरतं. या प्रवासात ज्या काही गोष्टी कळल्या त्या सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

एक, दर दीड तासाला थांबायचं. लेकरू शांत असलं तरीही, किंबहुना शांत असतानाच. रडल्यावर थांबलात तर रडलं की गाडी थांबते, एवढं त्याला पक्कं कळतं.

दोन, खेळणी एकदम बाहेर काढायची नाहीत. आम्ही कुरकुंभच्या आधीच सगळी संपवली होती. त्यानंतर कामाला आली ती पाण्याची रिकामी बाटली आणि तिच्यात टाकलेले चार शेंगदाणे. झाकण घट्ट लावायचं, शेंगदाणा घशात अडकतो.

तीन, मोबाइल. रडणं थांबवायला आम्ही थोरलीच्या हातात कार्टून दिलं. धाकटा रडत होता तर मोबाइल थोरलीला का, हे आता मला सांगता येणार नाही. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "बाबा, पोटात कसंतरी होतंय," आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतला तोल सांगतो आपण हलतोय. या दोघांचं जुळलं नाही की मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. उपाय साधा आहे, लांबचं बघायला लावायचं. आईनं पिशवीतून लिंबू काढून तिला हुंगायला दिलं आणि म्हणाली, "लालपरी मोज बरं, किती दिसतायत." इंदापूर येईपर्यंत थोरलीनं एकोणीस एसट्या मोजल्या. त्यातल्या तीन ट्रक होत्या, पण कोण वाद घालणार?

भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं तेव्हा दोघंही झोपली होती. दोन्ही लेकरं एकाच वेळी झोपली म्हणून आम्ही मोठी माणसं अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो. चहाची तल्लफ आली होती, पण गाडी थांबवायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

टेंभुर्णीला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. ढाब्यावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही खाल्लं. धाकटा खुर्च्यांखालून रांगत फिरला, हसला, एका अनोळखी आजोबांची काठी ओढली. आणि निघताना त्याला सीटजवळ नेलं तसा तो धनुष्यासारखा ताठ झाला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. बायकोचे डोळे भरले होते. माझं डोकं ठणकत होतं.

आईनं काही न बोलता हात पुढे केले.

मी दिला. शंभर-एकशेदहा किलोमीटरच राहिलेत, हळू चालवू, असं मनाशी म्हटलं. कागदावर दोनशे किलोचा हिशेब मांडणारा मीच होतो.

गाडी शांत झाली. धाकटा आईच्या मांडीवर आडवा होऊन तिच्या बांगड्यांशी खेळू लागला. कुर्डुवाडी मागे पडली. बार्शीचा रस्ता लागला, अंधार पडला. या भागात रेल्वे फार आधी आली. कुर्डुवाडी ते बार्शी छोट्या रुळांची गाडी १८९७ पासून होती आणि ती फार हळू चालायची असं म्हणतात. हे मी बायकोला सांगत होतो.

समोर काळं काहीतरी होतं. दिव्याच्या उजेडात आलं तेव्हा कळलं, ट्रॅक्टरची मागची ट्रॉली आहे. ट्रॅक्टर चहाच्या टपरीकडे वळून थांबलेला आणि ट्रॉलीचा मागचा भाग आमच्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यावर. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला.

आम्ही धडकलो नाही, मधे हातभर जागा राहिली. पण आईचा खांदा पुढच्या सीटवर आपटला आणि धाकटा तिच्या हातांतून सुटून दोन सीटच्या मधे, गिअरपर्यंत आला.

क्षणभर आवाज नव्हता. मग तो रडला. सकाळपासून जे रडणं थांबावं म्हणून धडपडत होतो, ते ऐकून मला हायसं वाटलं. ओठ फुटला होता, कपाळावर टेंगूळ येत होतं. बायकोनं त्याला छातीशी धरलं. आई आपल्या हातांकडे बघत बसली होती.

मी गाडी बाजूला लावली आणि डिकीतला लाल त्रिकोण काढून ट्रॉलीच्या मागे रस्त्यावर ठेवला. टपरीवरून माणसं धावत आली. ऊसतोडीला निघालेली टोळी होती, आपल्याच जिल्ह्यातली, वाशी तालुक्यातली. एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यांत गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, चुलीचं सरपण, एक शेळी, आणि सगळ्याच्या वर बसलेल्या बाया-लेकरं. ड्रायव्हर पोरगेला होता. "चुकलं दादा," एवढंच म्हणाला. ओरडायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आई खाली उतरली आणि मागच्या ट्रॉलीपाशी गेली. वर एक बाई बसली होती, विशी-बाविशीची. तिनं लेकराला जुन्या लुगड्यानं कमरेशी बांधलं होतं. धाकट्याएवढंच असेल ते.

"कुठं निघालाव माय?"

बाईनं कारखान्याचं नाव सांगितलं.

आई थोडा वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नुसतं कमरंला नको बांधूस. एक वेढा त्या कडीला दे. खड्ड्यात गाडी आदळली की हात सुटतेत."

बाईनं वेढा दिला. आईनं तो ओढून बघितला.

निघताना ड्रायव्हरला म्हटलं, त्रिकोण राहू दे, मागं बांध. त्यानं तारेनं तो शेवटच्या ट्रॉलीला बांधला. चौदा वर्षांखालच्या मुलांचा नियम त्या ट्रॉलीपर्यंत पोचलेला नाही. वर निदान सहा-सात मुलं तरी होती. मी त्यापेक्षा जास्त काही केलं नाही, हेही लिहून ठेवतो.

बार्शीत एका बालरोगतज्ज्ञांना गाठलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. रात्रीतून उलटी झाली किंवा लेकरू सुस्त वाटलं तर लगेच घेऊन या, असं बजावलं. गाडीपाशी आल्यावर आईनं धाकट्याला बायकोकडून घेतलं आणि स्वतः सीटमध्ये बसवलं. तिला क्लिप लावता येईना. मी मदत केली. कट्ट आवाज आला. तो थोडं रडला आणि दमून झोपला.

येरमाळ्याच्या अलीकडे कधीतरी ती बोलायला लागली.

"सत्त्याण्णवच्या हंगामाला तू असाच होतास, सव्वा वर्षाचा. टरकात वर बसून गेलो होतो, कृष्णेकडं. रात्रभर. तुला लुगड्यानं बांधलं होतं, एक टोक माझ्या कमरंला, एक कडीला. तू लई रडलास. सोडलं नाही."

"का?"

"आदल्या साली दुसऱ्या गाडीतनं एक लेकरू पडलं होतं. मायचा डोळा लागला तिच्या. वाचलं नाही."

गाडीत कुणी बोललं नाही. घाटातली वळणं आली.

"तू गाडी घेतलीस तवा म्हणलं, आता काय, आता नातू मांडीवर घिऊन बसंन गावापतोर. बांधायची पाळी गेली," ती म्हणाली. "आन् तू तर पयल्याच दिवशी पट्टे आणलेस."

मला वाटत होतं तिला धोका कळत नाही. धोका तिला माझ्यापेक्षा आधी कळलेला होता, समीकरणाशिवाय. लेकराला बांधणं म्हणजे तिच्यासाठी ट्रक, रात्र, उचल. मांडी म्हणजे ते सगळं संपलं. मी सोसायटीच्या गेटपाशी नियम सांगून तिच्याकडून नेमकं तेच काढून घेत होतो, आणि का ते विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

कळंबला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रात्रभर आम्ही आळीपाळीनं धाकट्याला बघत जागलो. सकाळी त्यानं उठल्या उठल्या शेजारच्या कोंबडीचा पाठलाग केला.

भाऊबीज झाल्यावर परत निघालो, या वेळी खरंच पहाटे पाचला. आई आमच्यासोबतच होती. तिनं धाकट्याला सीटमध्ये ठेवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. मग मधल्या जागेत शिरून तिनं स्वतःचा बेल्ट शोधला. तो सीटच्या फटीत अडकून बसला होता, इतक्या दिवसांत कुणी वापरलाच नव्हता.

धाकट्यानं गळा काढला. आईनं एक हात त्याच्या पोटावर ठेवला.

"रडू दे," ती म्हणाली. "चल तू."